अठ्ठावन्न अंशांची थाप

शिट्टीबाईंची गाडी रोज सकाळी एकाच ठिकाणी अडायची. गल्ली संपली, मोठ्या रस्त्याला लागायचं म्हणून पाय दाबला, की ती एक गचका खायची, क्षणभर गप्प व्हायची आणि मग एकदम भानावर येऊन पळत सुटायची. पाच-सात मिनिटांनी मात्र आपण असं काही केलंच नाही, असा आव आणायची. दुपारी बघाल, तर तिच्याइतकी गुणी गाडी साऱ्या शहरात नव्हती.

बाई बासष्ट वर्षांच्या. सार्वजनिक तलावावर त्या मुलांना पोहायला शिकवत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. निम्म्या शहराला त्यांनी आपल्या हातांनी पाण्यात ढकललं होतं, पण ढकलण्याआधी प्रत्येकाकडून दहा मिनिटं व्यायाम करून घेतला होता. थंड अंगानं पाण्यात उतरायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यातून लहान-मोठं, गरीब-श्रीमंत, कुणाचीही सुटका नव्हती.

गाडी चोवीस वर्षांची. कार्ब्युरेटरवाल्या गाड्या जाऊन इंजेक्शनवाल्या नुकत्याच आल्या होत्या, तेव्हा घेतलेली. त्या वेळी शेजारीपाजारी बॉनेट उघडायला लावून इंजिन बघून गेले होते. पेट्रोल किती सोडायचं ते आतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो, हे ऐकून एका शेजाऱ्यानं, ‘मग चालवायला तुम्ही कशाला लागता?’ असंही विचारलं होतं. बाईंनी पुढची दोन वर्षं त्याला गाडीत घेतलं नाही.

तर सोमवारी झालं असं, की बाईंचा मुलगा सकाळी त्यांच्याबरोबर निघाला. त्याची स्वतःची गाडी धुवायला दिली होती. मुलगा विमा कंपनीत होता, त्यामुळे अपघात कुठं, कधी आणि किती प्रकारे होऊ शकतो याची त्याला पगारी माहिती होती. गल्लीच्या तोंडाशी बाईंनी उजवीकडे पाहिलं, दुधाचा टँकर बराच लांब होता. त्यांनी पाय दाबला. गाडी निम्मी रस्त्यावर आली आणि तिनं गचका खाल्ला. या वेळी ती भानावर आलीच नाही, चक्क बंद पडली. टँकरवाल्यानं असा काही हॉर्न दिला, की गल्लीतली सगळी कुत्री उठून उभी राहिली. टँकर चार हातांवर येऊन थांबला. बाईंनी किल्ली फिरवली, गाडी चालू झाली, आणि त्या टँकरवाल्याला हात दाखवून पुढे निघाल्या. मुलानं मात्र तलाव येईपर्यंत दाराची मूठ सोडली नाही.

संध्याकाळी तो म्हणाला, “आई, माझ्या ऑफिसातल्या एकाच्या भावाला जुनी गाडी हवी आहे. रविवारी सकाळी दहाला बघायला येतोय तो.”

“माझी गाडी? मला न विचारता?”

“तोवर ती दुरुस्त झाली तर ठेव. मी कशाला नको म्हणू?”

एवढं ठरलं आणि मंगळवारी बाई गाडी घेऊन सायलेन्सरकडे गेल्या.

सायलेन्सर हा त्यांचा जुना मेकॅनिक. त्याच्या तोंडाचा पट्टा सकाळी शटरबरोबर उघडे आणि संध्याकाळी शटरबरोबरच बंद होई, म्हणून लोकांनी त्याचं नाव सायलेन्सर ठेवलं होतं. त्याच्या तिन्ही मुली बाईंकडेच पोहायला शिकल्या होत्या. त्यामुळे बाईंची गाडी तो स्वतः बघे, आणि बघताना जगातल्या सगळ्या विषयांवर बोले.

सायलेन्सरनं बॉनेट उघडलं, चारही प्लग काढून बघितले, बदलले. हवा आत घेणारा भाग काळा पडला होता, तो घासून लख्ख केला. कुठल्या चिरलेल्या नळीतून जादा हवा ओढली जातेय का, म्हणून एकेका नळीवर फवारा मारून बघितला. मग गाडी फिरवून आणली. “बाई, लोण्यासारखी चालतेय!”

बुधवारी सकाळी गाडीनं त्याच वळणावर गचका खाल्ला. बाई दुपारी परत गेल्या. या वेळी सायलेन्सरनं स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, ‘तुझं काय दुखतंय?’ असं विचारणारं यंत्र. कॉम्प्युटर म्हणाला, काही दुखत नाही. एकही दोष नोंदलेला नव्हता.

“सकाळचं दुखणं सकाळीच बघायला हवं,” सायलेन्सर म्हणाला. “आज गाडी इथंच राहू दे. उद्या आल्या आल्या मी स्वतः चालवून बघतो.”

गुरुवारी त्यानं चालवून बघितली आणि बाईंच्या घरी फोन केला. फोन मुलानं घेतला.

“गाडी ठणठणीत आहे,” सायलेन्सरनं सांगितलं. “मी सकाळी साडेसातला काढली. वळणं घेतली, चढ घेतला, गचका सोडा, साधी खोकलीसुद्धा नाही.”

मुलानं फोन ठेवला आणि बराच वेळ तो नुसता खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभा राहिला. मग आईसमोर बसला.

“आई, रागावू नकोस. गाडीत काही नाही म्हणतात. मग... तुझ्या पायात तर नाही ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे पाय दाबायला थोडा उशीर होत असेल. क्लच लवकर सुटत असेल. वयानं होतं असं. आमच्याकडे रोज येतात अशा केसेस.”

मुलगा ओरडला असता तर बाईंनी चौपट आवाजात ओरडून त्याला गप्प केलं असतं. तो हळू आवाजात, जपून बोलत होता, तेच त्यांना लागलं. केस! ज्याला दोन वर्षांचा असताना त्यांनी पाण्यावर तरंगायला शिकवलं, त्याच्या कपाटात आता त्या एक केस होऊन बसणार होत्या. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो खरं बोलत असेल तर? त्या रात्री त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या उजवा पाय चाळीस वेळा दाबून बघितला. पाय दाबला जात होता. पण वेळेवर दाबला जात होता की नाही, हे पायाला कसं कळणार?

शुक्रवारी सकाळी त्या बसनं गेल्या. गाडी सायलेन्सरनं आदल्या संध्याकाळी दारात आणून लावली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच तलावावर पोचायला त्यांना सात मिनिटं उशीर झाला.

पोचल्या पोचल्या त्यांनी रखवालदाराच्या हातात स्टॉपवॉच दिलं. “माझ्या मागे उभा राहा. टाळी वाजव. मी पाय आपटते. मध्ये किती वेळ जातो ते बघ.”

रखवालदारानं पाच वेळा टाळी वाजवली. मग स्टॉपवॉच परत देत म्हणाला, “बाई, यात काही मोजता येत नाही. मी टाळी वाजवायच्या आधीच तुम्ही पाय आपटताय.”

बाईंना क्षणभर बरं वाटलं आणि मग अजिबात बरं वाटलं नाही. आधीच आपटणं हेही काही शहाणपणाचं लक्षण नव्हे. त्या तशाच तळ्यात-मळ्यात मुलांच्या रांगेकडे वळल्या. व्यायाम झाला, पहिली तुकडी पाण्यात उतरली. दोन मिनिटांत एक मुलगी काठाशी आली. तिचे ओठ निळे पडले होते आणि दात कडकडा वाजत होते.

बाईंनी पाटीकडे पाहिलं. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: ‘पाण्याचे तापमान २८ अंश’. त्यांनी गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. शिट्टी वाजली. सगळी मुलं बाहेर आली.

“अठ्ठावीस?” बाई गरजल्या. “हे अठ्ठावीस आहे?”

“थर्मामीटर अठ्ठावीसच दाखवतो, बाई,” रखवालदार चाचरत म्हणाला. “पंधरा दिवस झाले, तो अठ्ठावीसवरच आहे.”

“आणि तू पंधरा दिवस तेच लिहितोयस? पाणी गरम करणारा बंब कोण चालू करणार?”

“बंब पाटी बघूनच चालू करायचा असतो ना. पाटीवर अठ्ठावीस असलं की चालू करायचा नाही, असा नियम आहे.”

“आणि पाटी कोण लिहितं?”

“मीच,” रखवालदार म्हणाला. आपण पंधरा दिवस काय करत होतो, ते त्याच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं, आणि तो मान खाली घालून बंबाकडे पळाला.

मुलांना टॉवेलात गुंडाळून घरी पाठवल्यावर बाई चालत सायलेन्सरकडे गेल्या. तो एका मोटारीखाली उताणा पडून तिथूनच कुणाशी तरी हवामानावर बोलत होता.

“सायलेन्सर, बाहेर या. आणि मला खरं सांगा. गाडीत काही नाही, मग माझा पाय हळू झालाय का?”

तो बाहेर आला. बाईंचा चेहरा बघून त्यानं हातातला पाना खाली ठेवला. “पाय तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही, बाई,” तो म्हणाला. “पण काल सकाळी गाडी रात्रभर उभी होती, गारठली होती, तरीही कशी छान...”

“छान चालणारच. तुम्ही यायच्या आधी मी तिचा व्यायाम करून घेतला होता.”

“कसला व्यायाम?”

“माझ्याकडे दुसरी किल्ली आहे. काल मी रिक्षानं तलावावर जाता जाता सहाच्या आधीच इथं आले होते, तुमच्या अंगणात. दहा मिनिटं चालू ठेवली, जरा रेस दिली. तलावावरून परत घरी जाताना पुन्हा दहा मिनिटं. तुम्ही परीक्षा घेणार होतात ना? थंड अंगानं कुणाला परीक्षेला उभं करतात का?”

“आणि मंगळवारी? बुधवारी?”

“तेव्हाही. घरून निघताना दहा मिनिटं. रोज सकाळी मला घाई असते म्हणून जमत नाही. पण तुमच्याकडे आणायची म्हटल्यावर तिला अशीच कशी आणणार?”

सायलेन्सरनं कपाळावर हात मारला. हाताला ग्रीस होतं, ते सगळं कपाळाला लागलं. “बाई, ताप आलेल्या पोराला औषध देऊन, ताप उतरवून मग तुम्ही डॉक्टरकडे नेत होतात! आणि मी तरी केवढा शहाणा! काल नुसता बॉनेटवर हात ठेवला असता तरी कळलं असतं. पण मी शेजाऱ्याशी बोलत होतो.” तो कपाळ पुसत म्हणाला, “उद्या सकाळी साडेपाचला मीच तुमच्या दारात येतो. तोवर गाडीला हात लावायचा नाही. किल्ली द्या. दुसरीसुद्धा.”

बाईंनी दोन्ही किल्ल्या दिल्या. किल्ल्या हातातून गेल्या तरी त्यांना आठवड्यात पहिल्यांदाच हलकं वाटलं.

शनिवारी साडेपाचला सायलेन्सर आला आणि सगळ्यात आधी त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. गार. मग त्यानं स्कॅनर जोडला, किल्ली अर्धी फिरवली, इंजिन चालू केलं नाही. पडदा उजळला. सायलेन्सरनं दोषांचं पान उघडलं. कोरं.

“अजूनही नाही म्हणतंय,” तो पुटपुटला. पुढचं पान आकड्यांचं होतं. तो ते भराभर सरकवू लागला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. ज्या बाईनं पस्तीस वर्षं रोज सकाळी पहिलं काम म्हणून तापमान बघितलं, तिची नजर अंशाच्या खुणेवर अडकणारच. “हे अठ्ठावन्न कसलं?”

“ते इंजिनमधल्या पाण्याचं तापमान.”

“इंजिन रात्रभर बंद होतं ना?”

“होतं की.”

बाईंनी बाही सरकवली आणि हात सरळ इंजिनाला लावला, मग पाण्याच्या नळीला. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या पातेल्यासारखं गार. त्यांनी सायलेन्सरचा हात धरून तोही नळीवर ठेवला.

“हे अठ्ठावन्न आहे?”

सायलेन्सर एक अक्षर बोलला नाही. सबंध अर्धं मिनिट. मग तो असा हसला, की समोरच्या घरातली खिडकी उघडली.

“थापाड्या! तापमानाचा सेन्सर आहे हा, बाई, बोटभर लांबीचा. कॉम्प्युटरला सांगतोय की इंजिन गरम आहे. गार इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, पण कॉम्प्युटर म्हणतो, गरम आहे ना, मग थोडक्यात भागवा. तुम्ही पाय दाबता, हवा आत जाते, पेट्रोल पुरेसं येत नाही, गाडी गचका खाते. पाच मिनिटांनी इंजिन खरोखरच तापलं की थाप खरी होते आणि सगळं सुरळीत. सेन्सर तुटला असता तर कॉम्प्युटरनं बोंब मारली असती. पण अठ्ठावन्न हा आकडा कसा अगदी सभ्य आहे, कुणाला संशय येणार?”

“आमच्या पाटीसारखा,” बाई म्हणाल्या.

“कुठली पाटी?”

“ते नंतर.” बाई घरात गेल्या आणि मुलाला उठवून घेऊन आल्या. तो पायजम्यावर स्वेटर चढवत, डोळे चोळत बाहेर आला.

“बस,” बाईंनी चालकाच्या जागेकडे बोट दाखवलं. “गल्लीच्या टोकाला ने आणि रस्त्याला लाव.”

“मी? आत्ता?”

“तू. तुझा पाय छत्तीस वर्षांचा आहे. बघू या.”

बाई शेजारी बसल्या, सायलेन्सर मागे बसला. मुलानं गाडी चालू केली, आरशात बघितलं, पट्टा लावला, सगळं विम्याच्या पुस्तकात असावं तसं केलं. गल्लीच्या तोंडाशी थांबला, दोन्हीकडे नीट बघितलं, रस्ता मोकळा होता. पाय दाबला. गाडीनं गचका खाल्ला, गप्प झाली आणि निम्मी रस्त्यावर जाऊन बंद पडली. मागून एका पेपरवाल्यानं सायकलची घंटी वाजवली.

“वयानं होतं असं,” बाई समोर बघत म्हणाल्या.

मागच्या सीटवर सायलेन्सरला हसू आवरेना. त्यानं ते खोकल्यात घातलं, पण खोकला फारच आनंदी आला. मुलगा कानापर्यंत लाल झाला. पेपरवाला पुन्हा घंटी वाजवू लागला, तेव्हा कुठं त्यानं किल्ली फिरवली.

दुकानं उघडल्यावर सायलेन्सरनं नवा सेन्सर आणला. बसवण्याआधी बाईंच्या हट्टासाठी त्यानं ओट्यावर गार पाण्याचा पेला ठेवला, जुना आणि नवा दोन्ही सेन्सर त्यात बुडवून दोन्हींना एकेक मीटर लावला. नव्याचा काटा गारकडच्या टोकाला गेला, जुन्याचा निवांत मधेच रेंगाळला. मग गरम पाणी ओतलं, तेव्हा दोघांचे काटे शेजारी शेजारी आले. बाईंनी तीनदा गार-गरम करून बघितलं. चौथ्यांदा मुलगा म्हणाला, “आई, कळलं.” मग नवा सेन्सर इंजिनात बसला आणि सायलेन्सरनं बजावून सांगितलं, “खरी परीक्षा उद्या सकाळी, गार असताना. आणि व्यायाम नाही!”

रविवारी पहाटे थंडी आणखीच वाढली होती. मुलगा न बोलावता तयार होऊन उभा होता. बाई गाडीत बसल्या. इंजिन चालू केलं आणि परीक्षा म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप मांडीवर आला, दहा मिनिटं थांबायला. तो त्यांनी निग्रहानं गिअरवर नेला. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. सेन्सर थापाड्या निघाला हे खरं, पण गाडी आजही अडली, तर पुन्हा पायाकडेच बोट येणार होतं, आणि या वेळी ते त्यांचं स्वतःचं असणार होतं.

गल्लीचं तोंड आलं. बाई थांबल्या. उजवीकडून तोच दुधाचा टँकर येत होता, बराच लांबून.

“जाता येईल,” मुलगा म्हणाला.

“येईल. पण मला जायचं नाही.” टँकर जाईपर्यंत त्या थांबल्या. मग रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी पाय दाबला.

गाडी निघाली. गचका नाही, अडणं नाही. पायाखालून रस्ता सरळ सरकत गेला, दुसरा गिअर पडला, तिसरा पडला. मुलाच्या हाताची मूठ दारावर होती, ती हळूहळू सुटली. दोन चौक गेल्यावर त्यानं फोन काढला, घड्याळ बघितलं, एवढ्या पहाटे फोन करणं बरं नव्हे म्हणून ऑफिसातल्याला निरोप लिहिला आणि आईला वाचून दाखवला: ‘भावाला सांग, येऊ नकोस. गाडी विकायची नाही.’

मग तो म्हणाला, “चुकलं माझं, आई.”

बाईंनी गिअर उतरवला. तलावाच्या फाटकातून गाडी आत घेतली, झाडाखाली लावली, इंजिन बंद केलं.

“दोष पायाचा असता तर?” त्यांनी विचारलं. “खरंच पायातच असतं तर?”

मुलगा पट्टा सोडून त्यांच्याकडे वळला.

“तर किल्ली मीच तुझ्या हातात दिली असती. तू मागायच्या आधी. एवढा विश्वास ठेव माझ्यावर. पण तूही, बाबा, आधी हात घालून बघत जा. नुसती पाटी वाचून मला काठावर बसवू नकोस. फार लागलं मला ते.”

“मी घाबरलो होतो गं,” मुलगा म्हणाला. “तो टँकर... मला वाटलं, रोज सकाळी तू एकटीच तिथून जातेस.” त्याचे डोळे भरून आले होते. बाईंनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मग तोच हात त्याच्या मानेवर राहू दिला.

“चल,” त्या म्हणाल्या, “बारा वर्षांत पाण्याला शिवला नाहीस. दहा मिनिटं व्यायाम, मग आत.”

“आज? या थंडीत?”

बाईंनी शिट्टी ओठांना लावली. पुढचं काही बोलायची गरज पडली नाही.

दहा मिनिटांनी मुलगा काठावर उभा राहिला, एक पाय पुढे, एक मागे, आणि अडला. बाई हातात स्टॉपवॉच घेऊन बघत होत्या. त्यांनी ते चालू मात्र केलं नाही. मग त्यानं डोळे मिटले, उडी मारली आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून कुडकुडू लागला.

रखवालदारानं पाटी पुसून ठेवली होती आणि रात्री बंद केलेला बंब अजून चालू केला नव्हता. नवा थर्मामीटर अजून यायचा होता, आणि शुक्रवारपासून खात्री केल्याशिवाय काही लिहायचं नाही म्हणून त्यानं कानाला खडा लावला होता. खडू हातात घेऊन त्यानं विचारलं, “बाई, आज किती लिहू?”

बाईंनी पाण्यातल्या मुलाकडे हात केला. “त्याला विचार. तो आत आहे.”

“ब... बारा!” मुलगा दात वाजवत ओरडला.

बाई वाकल्या, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पाणी झटकत उठल्या.

“वीसच्या आसपास आहे. हा जरा कमी दाखवतो,” त्या म्हणाल्या. “पण खोटं सांगत नाही. तू बंब चालू कर.”